दोन रेघांचं औषध

माझा पेशा कळला की लोक एकच प्रश्न विचारतात, "भूल दिल्यावर माणूस शुद्धीवर येतो ना हो?" चाळीस वर्षं मी "येतो" म्हणून सांगत आलो. त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ऑपरेशन नीट झालं की पेढे सर्जनला, शाल-नारळ सर्जनला, बाळाचं नाव काय ठेवू हेही सर्जनलाच. भूल देणाऱ्याचं नाव केसपेपरवर असतं, पण ते त्याच्याच अक्षरात असल्यामुळं कुणाला वाचता येत नाही.

सोयगावकडच्या एका बाईच्या सिझेरियनला मी पाऊण तास तिचा हात धरून बसलो होतो. ती घाबरली होती, म्हणून तिच्या म्हशींची नावं विचारत राहिलो. सहा महिन्यांनी मध्यवर्ती बसस्थानकावर ती बाळाला घेऊन भेटली. मी ओळख दिली. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही व्हय! मला वाटलं, कंपाउंडर हायेत." मी म्हटलं, कंपाउंडरच आहे. बाळाच्या हातावर खाऊला काहीतरी ठेवलं आणि बसमध्ये चढलो. तिच्या एका म्हशीचं नाव गंगी होतं, हे मला अजून आठवतं.

या अंकाच्या संपादकांनी पेशातल्या आठवणी मागितल्या, तेव्हा बरेच दिवस मी टाळाटाळ केली. गमतीच्या आठवणी पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की त्या बाजूला सरतात आणि एकच आठवण पुढं येते. ती माझ्या फार कौतुकाची नाही. ती सांगायची तर आधी आमचा धंदा थोडा समजावून सांगायला हवा.

कमरेखालच्या ऑपरेशनला आम्ही बहुतेक वेळा माणसाला पुरता झोपवत नाही. कमरेतून भूल देतो. पेशंटला टेबलावर बसवायचं, उशी कवटाळून पाठीची कमान करायला सांगायची आणि दोन मणक्यांच्या मधून एक बारीक सुई आत सरकवायची. सुईच्या टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला की समजायचं, पोचलो. मग जेमतेम तीन मिली औषध द्यायचं. त्या औषधात साखर घातलेली असते, त्यामुळं ते आतल्या पाण्यापेक्षा जड असतं आणि उताराच्या बाजूला जातं. टेबल किती तिरकं ठेवायचं, यावर भूल कुठवर चढणार ते ठरतं. दोन-चार मिनिटांत पाय गरम होतात, मुंग्या येतात, मग पाय दिसतात पण आपले वाटत नाहीत. माणूस मात्र टक्क जागा असतो. छातीवर हिरवा पडदा असतो, पडद्यापलीकडं सर्जन आणि अलीकडं पेशंटच्या उशाशी एका स्टुलावर आम्ही.

हे औषध दोन-अडीच तास साथ देतं. त्यानंतर भूल खालून वर नाही, वरून खाली उतरत येते आणि दुखणं परत येतं. म्हणून त्या तीन मिलीत आणखी एका औषधाचा थेंब मिसळायची पद्धत आहे. वरणात चिमूटभर हिंग घालावा तसा. हिंगानं पोट भरत नाही, पण वरण बदलतं. एखादं औषध भूल गाढ करतं, एखादं ती लांबवतं, एखादं ऑपरेशननंतरही बराच वेळ दुखू देत नाही. हे सगळं इतकं थोडं द्यायचं असतं की ते मोजायला एक मिलीची बारीक सिरिंज लागते. पुस्तकात या जोडीच्या औषधांना भारदस्त नाव आहे. आम्ही एकमेकांना नुसतं विचारतो, "आज काय मिसळलं?"

फुकट मात्र त्यातलं एकही मिळत नाही. मॉर्फिन मिसळलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत नाही, पण श्वासावर लक्ष ठेवावं लागतं आणि अंगाला खाज सुटते. वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी होता, धिप्पाड माणूस. हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी मी बघायला गेलो तर दोन्ही हातांनी नाक खाजवत बसलेला. म्हणाला, "डॉक्टर, पोट अजिबात दुखत नाय. फक्त हे नाक काढून घ्या." त्याची बायको शेजारी पदर तोंडावर धरून हसत होती.

माझं आवडतं औषध क्लोनिडीन. मूळचं ते रक्तदाबाचं. बारीक सिरिंजच्या दोन रेघा मिसळल्या की भूल आणखी तासभर तरी पुढं सरकते. त्याचे दोन तोटे. एक, बीपी उतरतं, त्यावर नजर ठेवावी लागते. दुसरा खरं तर तोटा नव्हेच, पेशंटला गुंगी येते. हाक मारली तर ओ देतो, पण एरवी पेंगत असतो. करवतीचा आवाज, हातोड्याचे ठोके त्याच्या कानावरून जातात. पेशंटसाठी यापेक्षा चांगलं काय असणार?

आता माझ्या घरचं सांगतो. माझी बायको नंदा शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं जेवताना मला विचारलं, "आज कुणाच्या उशाशी बसला होता?" तो प्रश्न पुढं छत्तीस वर्षं रोज आमच्या ताटांच्या मध्ये असायचा. पडद्याच्या अलीकडं माणसं काहीही बोलतात. पाय हरवले की माणूस खरं बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे. कुणी जमिनीच्या वादाचं सांगे, कुणी न झालेल्या लग्नाचं. नावं गाळून मी ते नंदाला सांगायचो. ती भाजी वाढता वाढता ऐकायची. तिला काय सांगायचं असे, ते विचारायचं माझ्या डोक्यात येत नसे.

नंदाच्या पोटातली गाठ कळली तेव्हा तीन महिने हातात होते. तेही पुरते मिळाले नाहीत. भूल देणाऱ्याला पेशंटचं वजन नुसतं बघून सांगता यावं लागतं, कारण औषध वजनावर ठरतं. मी एखाद-दुसऱ्या किलोच्या फरकानं सांगायचो, ज्युनिअर डॉक्टर माझ्याशी पैज लावायचे. त्या माणसाच्या घरात बायको वर्षभर वाळत होती आणि त्याला दिसलं नाही. हे मी पुष्कळ जणांना बोलून दाखवलं. सगळे म्हणाले, असं होतं हो. होत असेल.

ती गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. मुलगी बंगळुरात असते, रविवारी फोन करते. बाकी सहा दिवस मी आणि टीव्ही. गावातल्या पाच-सहा नर्सिंग होममध्ये मी माझी औषधांची पेटी घेऊन जात असे. तिथं सर्जन आपल्या कामात, सिस्टर आपल्या धावपळीत. बोलायला मिळे ते फक्त पेशंटशी, पडद्याच्या अलीकडं. कुणीतरी माझ्याशी बोलतंय, मी ऐकतोय, हे दिवसातून तास-दोन तास होत असे. मी त्या वेळेची वाट बघायला लागलो.

आणि मग हळूहळू क्लोनिडीन कमी वापरायला लागलो. शिरेतून झोपेचं औषधही हात राखून देऊ लागलो. कुणी विचारलं तर कारण तयार असे. याचं वय झालंय, हिचं बीपी आधीच कमी आहे, हे तर अर्ध्या तासाचं काम आहे, साधी भूल पुरे. कारणं खोटी नव्हती. फक्त ती मी शोधून काढलेली असत. छोट्या ऑपरेशनांत त्यानं कुणाचं बिघडलंही नाही. पेशंट जागा राहायचा, आम्ही बोलायचो, काम संपायचं. मला वाटे, मी त्यांची सोबत करतोय.

नंदाला जाऊन अडीच वर्षं झाली असतील, तेव्हा मेहरआपा आल्या. गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. वय सत्तरीकडं, दोन्ही गुडघे पार झिजलेले, आयुष्यभर मांडी घालून बायकांना बांगड्या भरल्याचा परिणाम. नवरा कधीच वारलेला, मुलगा सौदीत, अडीनडीला एक भाचा. दुकान बांगड्यांचं आणि त्यांचे स्वतःचे हात मोकळे. दोन्ही गुडघे बदलायचे होते, आधी उजवा आणि तीन महिन्यांनी डावा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना तपासायला गेलो. छातीला स्टेथोस्कोप लावला तर त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"तुम्ही नंदाताईचे घरवाले ना?"

मी स्टेथोस्कोप काढला. म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्ही कधी आत नाय आले. बाहेर स्कूटरवर बसून हॉर्न वाजवायचे. त्या बोलायच्या, आपा, लवकर भरा, डॉक्टर तापले." त्या हसल्या. "मी चेहरा विसरते डॉक्टरसाब, हात विसरत नाय. त्यांचं माप दोन-सहा. डावा हात जरा कडक. हिरव्या बांगड्या, त्यावर सोन्याची बारीक टिकली."

अडीच वर्षांत नंदाविषयी कुणी असं बोललं नव्हतं. भेटायला येणारे सांत्वन करायचे. तिचा डावा हात कडक होता, हे मलाही माहीत नव्हतं.

मी उठायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "शेवटच्या टायमाला आल्या होत्या ना, तवाची एक बात हाय. तुम्हाला सांगायला पाहिजे."

"सांगा ना."

"आज नाय. उद्या सांगते. उद्या तुम्ही असणार ना तिथं?"

"मीच असणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना टेबलावर बसवलं. उशी दिली, पाठीवर स्पिरिट फिरवलं आणि नेहमीचं सांगितलं, "आपा, पाठ ढिली सोडा."

"हे तर माझं बोलणं हाय," त्या उशीत तोंड घालून म्हणाल्या. "मी बायकांना म्हणते, हात ढिला सोडा, आत हाड नाय असं समजा."

गुडघ्याचं काम आमचे सर्जन दीड-पावणेदोन तासांत उरकतात. तरीही अशा ऑपरेशनला मी जोडीचं औषध मिसळतच असे, हाडाच्या कामाचा भरवसा नसतो म्हणून. वंदना सिस्टरनं दोन्ही औषधं फोडून समोर धरली होती. मोठ्या सिरिंजमध्ये भूल भरली. बारीक सिरिंजमध्ये क्लोनिडीनच्या दोन रेघा भरल्या. आता ती मोठ्या सिरिंजमध्ये सोडायची, एवढंच उरलं होतं. मी ती ट्रेमध्ये ठेवली आणि वर गॉजचा तुकडा टाकला.

"सर, हे राहिलं," वंदना हळूच म्हणाली.

"राहू दे. बीपी कमी आहे."

बीपी एकशे चाळीस होतं. मॉनिटर आमच्या दोघांच्या समोरच होता. वंदना माझ्याबरोबर अकरा वर्षं काम करत होती. तिनं मॉनिटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी साधी भूल दिली. आपांना आडवं केलं, पाय जड झाले का विचारलं, स्पिरिटचा थंड बोळा लावून भूल कुठवर चढली ते पाहिलं. सगळं चोख होतं. पडदा लागला. मी स्टूल ओढून उशाशी बसलो आणि म्हटलं, "आपा, काल काहीतरी सांगणार होता."

आपा सांगायला घाईत नव्हत्या. आधी दुकानाचं झालं, मग सौदीच्या मुलाचं. मीही घाई केली नाही. पलीकडं करवत चालली होती. दोन तास होऊन गेले तेव्हा कुठं त्या नंदावर आल्या.

"संक्रांतीला आल्या तवा दोन-सहा सैल झाली. मी बोलले, ताई, बारीक झाल्या. त्या बोलल्या, डाएट करते. दोन-चार भरली. मग नवरात्राच्या आधी आल्या. दोन-चार पण कोपरापर्यंत जाऊ लागली. मी हात सोडून दिला डॉक्टरसाब. चाळीस-पन्नास वर्षं हात धरते मी. असा हात उतरत नाय माणसाचा. मी बोलले, घरात डॉक्टर हाय, त्यांना दाखवा."

"मग?"

"त्या हसल्या. बोलल्या, ते दिवसभर लोकांच्या उशाशी बसून येतात आपा. घरी आल्यावर त्यांना बोलायचं असतं. माझं मधी कुठं काढू. मग बोलल्या, दोन-दोन द्या. रंग हाच द्या, टिकली हीच द्या. सैल बांगडी वाजती, घरात कळतं. मी दिली. मला द्यायला नको पाहिजे होती, असं रोज वाटतं."

मला विचारायचं होतं, हसली म्हणजे कशी हसली? रागानं, की माझी कीव येऊन, की सहज? नवऱ्याला ते एका हसण्यावरून कळलं असतं. मी तोंड उघडलं आणि आपांच्या कपाळाकडं लक्ष गेलं. घाम डबडबला होता. ओठ पांढरे पडले होते. मी मॉनिटरकडं पाहिलं. नाडी एकशे चोवीस. मी डोळे मिटून नुसत्या बीपवरून नाडी सांगणारा माणूस. ती कधी वाढत गेली, मला ऐकू आलं नव्हतं. पडद्यापलीकडून सर्जन म्हणत होते, "हाड फारच मऊ आहे, चीर गेली, स्क्रू लावावा लागेल." घड्याळात अडीच तास होत आले होते.

"आपा, दुखतंय?"

"जरा."

"कधीपासून?"

"झाला थोडा टाइम." त्यांनी डोळे मिटले. "तुम्ही ऐकत होते. म्हटलं, पुरी होऊ द्या बात."

सर्जनना हात थांबवायला सांगितलं. शिरेतून औषध देऊन आपांना पूर्ण झोपवलं, श्वासाची नळी बसवली. हे सगळं हातांनी आपोआप केलं. पुढची पन्नास मिनिटं त्या झोपेत होत्या आणि काम नीट पार पडलं. सर्जन हात धुताना म्हणाले, "सॉरी डॉक्टर, माझंच लांबलं. तुमची भूल तरी किती पुरणार?" मी म्हटलं, "चालायचंच." केसपेपरवर खरं तेच लिहिलं, साधी भूल, पुढं पूर्ण भूल. ते वाचून कुणालाही वावगं वाटलं नसतं. वंदनानं ट्रेमधली गॉज उचलली, खालची भरलेली सिरिंज कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुढच्या केसची तयारी करायला गेली.

मला कुणीतरी रागवायला हवं होतं. नंदा असती तर तिला सांगितलं असतं आणि तिनं गणिताच्या बाईच्या आवाजात विचारलं असतं, "नेमकं कुठं चुकलं ते मांडा." ती नव्हती. आणि चुकलं कुठं ते मला पाठ होतं. सत्तर वर्षांच्या बाईच्या उघड्या हाडावर स्क्रू चालला होता आणि मला माझ्या बायकोची गोष्ट संपवून हवी होती. ती बाई मात्र माझी गोष्ट तुटू नये म्हणून ओठ दाबून पडली होती. आपांना नंतरचे दिवस मी रोज बघायला गेलो. "बरंय?" "बरंय," एवढंच बोललो. त्यांनी तक्रार केली नाही. ते जास्त लागलं.

तीन महिन्यांनी डाव्या गुडघ्याची तारीख आली. मी सर्जनना सांगणार होतो, या वेळी दुसरा भूलतज्ज्ञ बघा. त्याआधी त्यांचाच फोन आला, "आपा म्हणतात, तेच डॉक्टर पाहिजेत." आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"आपा, मागच्या वेळी एक औषध द्यायचं होतं. त्यानं भूल जास्त टिकली असती. मी भरूनही ठेवलं होतं. पण त्यानं तुम्हाला गुंगी आली असती आणि मला नंदाची गोष्ट ऐकायची होती. म्हणून दिलं नाही. तुम्हाला दुखलं ते माझ्यामुळं."

आपांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "बसा."

मी बसलो.

"ती बात मी आदल्या दिवशीच सांगू शकत होते ना? दोन मिनिटाची बात. का नाय सांगितली?" त्या माझ्याकडं वळल्या. "मला डर होता. नवरा गेला तवा दवाखान्यात सगळे बाहेर होते, तो आत एकटा. मी बोलले, याची बात आपल्यापाशी ठेवली तर हा डॉक्टर उठून नाय जाणार."

त्यांनी आपला मोकळा हात माझ्या हातावर ठेवला. माप घेतल्यासारखी त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती फिरली.

"उद्या ते औषध घाला," त्या म्हणाल्या. "पण जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी वंदनानं मी मागायच्या आधीच बारीक सिरिंज भरून पुढं धरली. दोन रेघा. मी ती मोठ्या सिरिंजमध्ये सोडली, हलवली, दिली. आपांना आडवं केलं. पडदा लागला. मी स्टूल ओढून बसलो.

माझा एक प्रश्न राहिला होता. ती हसली म्हणजे कशी हसली? औषध चढायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात विचारता आलं असतं. आपांचे डोळे उघडे होते, माझ्याकडंच बघत होते. मी स्पिरिटचा बोळा घेतला, भूल कुठवर आली ते पाहिलं, बीपी पाहिलं. शिरेतून थोडं झोपेचं औषध दिलं. मी विचारलं नाही. त्यांच्या पापण्या जड झाल्या.

या वेळी काम सरळ झालं. तरी पावणेदोन तास मी तिथंच बसून होतो, नाडीवर बोट ठेवून, बीप ऐकत. बोलायला कुणी नव्हतं. अधूनमधून, पंधरा-वीस मिनिटांनी, आपा डोळे न उघडता विचारायच्या, "डॉक्टरसाब, हाय ना?"

मी म्हणायचो, "आहे."

त्या परत पेंगायच्या.

त्यानंतर वर्षभर मी काम केलं आणि मग पेटी वंदना काम करते त्या नर्सिंग होमला देऊन टाकली. आपा आता काठी न घेता चालतात, असं भाचा सांगतो. गुलमंडीत गेलो तर त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि परत फिरतो. बांगड्यांच्या दुकानात एकट्या पुरुषाचं काय काम? आणि तो प्रश्न विचारायची आता गरजही राहिलेली नाही.

कारण त्या दिवशी, चौथ्यांदा की पाचव्यांदा आपांनी विचारलं, "हाय ना?" आणि मी सवयीनं "आहे" म्हटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की नंदालाही वर्षभर एवढंच विचारायचं असणार. तिनं विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तरी त्या वेळी मी कुठल्या तरी टेबलाच्या उशाशी बसून दुसऱ्याच कुणाला "आहे, आहे" म्हणत असतो.